फाशांमागची पुस्तके

बुद्धिबळाच्या पटावरील राजाला नाव नसते आणि सारीपाटाच्या सोंगटीला पूर्वायुष्य नसते. खेळणाऱ्याला त्याची उणीवही भासत नाही. ज्यात प्रत्येक खेळाडूच्या पात्राला नाव, स्वभाव आणि चरित्र असते असा एक बैठा खेळ मात्र जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन पुस्तिका, असे त्याचे स्वरूप होते आणि पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या एक हजार प्रती छापल्या होत्या. भूमिका वठवण्याच्या खेळांची, म्हणजेच 'रोल-प्लेइंग गेम्स'ची, सारी परंपरा या खोक्यातून निघाली.

खेळाची रीत तशी साधी आहे. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. तो भुयारांचे, अरण्यांचे, राक्षसांचे वर्णन करतो. इतर जण आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते सांगतात आणि यशापयशाचा निवाडा फासे करतात. हा खेळ अद्भुत कादंबऱ्यांतून आला, हे उघड आहे. तो नेमका कोणत्या कादंबऱ्यांतून आला, या प्रश्नाचे उत्तर मात्र वरवर पाहता चुकण्याचा संभव अधिक.

पहिल्या पुस्तिकांत माणसांबरोबर एल्फ, ड्वार्फ आणि हॉबिट होते. साहजिकच जे. आर. आर. टॉल्किनचे नाव आठवते. त्याचा 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९६५ मध्ये स्वस्त आवृत्त्या निघाल्यावर अमेरिकेतील महाविद्यालयीन तरुणांच्या हाती पडला. खेळाने त्याच्याकडून इतके घेतले होते, की हक्कधारकांनी आक्षेप घेतल्यावर पुढील मुद्रणांत हॉबिटचे 'हाफलिंग' आणि चालत्या वृक्षांच्या एंट जमातीचे 'ट्रीएंट' करावे लागले. तरीही टॉल्किनचा प्रभाव वरवरचा असल्याचे गायगॅक्स वारंवार सांगत. कायद्याच्या कटकटीमुळे ते तसे म्हणत असावेत, अशी शंका घेता येईल. परंतु खेळाचे नियम त्यांच्या म्हणण्याला बऱ्याच अंशी दुजोरा देतात.

खेळात पात्राची प्रगती 'अनुभवगुणां'वर ठरते. आरंभीच्या नियमांनुसार हे गुण मुख्यतः भुयारातून बाहेर आणलेल्या धनाबद्दल मिळत. एका सुवर्णमुद्रेला एक गुण, असा हिशेब होता. १९७५ च्या पुरवणीने राक्षसवधाचे गुण आणखी घटवले, तेव्हा तर लढाई टाळून खजिना लांबवणाराच शहाणा ठरला. टॉल्किनच्या कथेत शक्तिशाली अंगठी नष्ट करण्यासाठी सारा प्रवास होतो. धनाचा लोभ तेथे विनाशाला कारण होतो. या खेळात मात्र लोभ हाच प्रगतीचा मार्ग आहे. ही नीती दुसऱ्या घराण्याची आहे.

ते घराणे म्हणजे स्वस्त कागदावरील कथामासिकांतून वाढलेली तलवारबाजी आणि जादूटोण्याची कथा. रॉबर्ट ई. हॉवर्डचा कॉनन १९३२ मध्ये 'वीअर्ड टेल्स' मासिकात अवतरला. तो चोर, चाचा आणि भाडोत्री शिपाई होता. फ्रिट्झ लायबरची फाफर्ड आणि ग्रे माउझर ही जोडी १९३९ मध्ये आली. लांखमार शहराच्या गल्लीबोळांत वावरणाऱ्या या दोघांना जग वाचवायचे नसते. आजची रात्र आणि उद्याची थैली सांभाळायची असते. १९७५ च्या त्याच पुरवणीत 'चोर' हा पात्रप्रकार खेळात दाखल झाला, तो या परंपरेला धरूनच.

जादूचे नियम जॅक व्हान्सच्या 'द डाइंग अर्थ' या १९५० च्या पुस्तकातून आले. तेथील मांत्रिक मोजकेच मंत्र मोठ्या कष्टाने डोक्यात साठवतो आणि मंत्र उच्चारताच तो स्मृतीतून पुसला जातो. खेळाने ही कल्पना जशीच्या तशी उचलली. जखमा आपोआप भरून निघणारा ट्रोल पोल अँडरसनच्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स'मधून आला. सुव्यवस्था आणि अराजक यांच्यातील संघर्षाचे सूत्र अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्याकडून आले. गायगॅक्स यांनी हे ऋण लपवले नाही. १९७९ च्या सूत्रधार-मार्गदर्शिकेत 'परिशिष्ट एन' या नावाने त्यांनी आपल्या प्रेरणास्थानांची यादीच दिली. सर्वाधिक प्रभाव असलेल्या लेखकांचा त्यात वेगळा उल्लेख आहे. त्यांत हॉवर्ड, लायबर, व्हान्स, लव्हक्राफ्ट आहेत, टॉल्किन नाही.

म्हणजे खेळातील चेहरे टॉल्किनचे असले, तरी हेतू हॉवर्ड-लायबरचे आहेत. कोणता खेळ कोणत्या साहित्याचा वारस आहे हे ओळखायचे, तर तो बक्षीस कशाला देतो आणि दंड कशाबद्दल करतो, हे पाहावे.

नंतरच्या खेळांनी हे तत्त्व जाणीवपूर्वक वापरले. १९८१ मध्ये सँडी पीटरसन यांनी लव्हक्राफ्टच्या भयकथांवर 'कॉल ऑफ कथुलू' हा खेळ रचला. त्या कथांत ज्ञान हाच शाप असतो. म्हणून खेळात पात्राला मानसिक स्वास्थ्याचे गुण असतात आणि गूढ शक्तींचे ज्ञान जितके वाढेल, तितकी त्या गुणांची कमाल मर्यादा खाली येते. १९८५ मध्ये ग्रेग स्टॅफर्ड यांनी राजा आर्थरच्या कथांवर 'पेंड्रॅगन' आणला. सर टॉमस मॅलरीचा आर्थरकथांचा ग्रंथ १४८५ मध्ये छापला गेला होता. त्याला तेव्हा बरोबर पाचशे वर्षे झाली होती. 'पेंड्रॅगन'मध्ये औदार्य आणि स्वार्थ, दया आणि क्रौर्य अशा परस्परविरोधी गुणांच्या तेरा जोड्या असून प्रत्येक जोडीची बेरीज वीस असते. एक वाढला की दुसरा घटणारच. शिलेदाराची परीक्षा तलवारीइतकीच स्वभावाचीही होते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ही बदलत गेला. १९८४ मध्ये मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या 'ड्रॅगनलान्स' कादंबऱ्या आल्या. त्या खेळातूनच उपजल्या होत्या, पण त्यांचा बाज महायुद्धाचा आणि विश्वरक्षणाचा होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत धनाबद्दलचे गुण ऐच्छिक झाले. चोरांच्या कथेकडून वीरांच्या कथेकडे झालेला हा प्रवास एका नियमाच्या फेरफारात दिसतो.

वारशाबरोबर दोषही येतात. लव्हक्राफ्ट आणि हॉवर्ड यांच्या कथांत त्या काळचा वंशद्वेष जागोजागी आढळतो. संपूर्ण जमातच जन्मतः दुष्ट, ही कल्पना टॉल्किनच्या ऑर्कांबाबतही दिसते आणि ती स्वतः त्यालाही अस्वस्थ करीत असे. कादंबरीत ही कल्पना लेखकाचे एक मत म्हणून राहते. खेळात तिचा तक्ता होतो. १९७७ च्या राक्षसकोशात ऑर्कपुढे 'दुष्ट' ही नोंदच छापलेली होती. ती वाचून खेळणारा मुलगा समोर आलेल्या ऑर्कला न विचारता मारतो आणि त्याबद्दल त्याला गुण मिळतात. या प्रश्नावर अनेक वर्षे वाद झाल्यानंतर २०२० मध्ये प्रकाशक कंपनीने बदल जाहीर केले. २०२४ च्या नियमपुस्तकात 'वंश' हा शब्द जाऊन 'प्रजाती' आला आणि ऑर्क खेळाडूंना निवडता येणाऱ्या पात्रांत जाऊन बसला. काही जुन्या खेळाडूंना हा परंपरेचा भंग वाटतो. पण पूर्वसूरींचे काय ठेवावे आणि काय सोडावे, ही निवड गायगॅक्स-आर्नेसन यांनीही केलीच होती.

वाचक पुस्तकाशी असहमत होऊ शकतो. खेळाडूला मात्र नियम पाळावेच लागतात, आणि त्या नियमांत कोणीतरी केलेले वाचन गोठलेले असते. म्हणून असा खेळ मुलांच्या हाती देताना ते काय काय मारणार यापेक्षा त्यांना गुण कशाचे मिळणार, हे आधी विचारावे.