खिचडीवरची कच्ची कोथिंबीर

१९९६ च्या जुलैत जपानमधल्या साकाई शहरात शाळेतलं जेवण जेवून सहा हजारांहून अधिक मुलं आजारी पडली. रक्ती हगवण लागली, काहींची मूत्रपिंडं निकामी झाली, तीन मुलं दगावली. जंतू होता ई. कोलाय ओ१५७. सरकारी तपासाचं बोट वळलं ते मुळ्याच्या कोवळ्या मोडांकडे, म्हणजे ताटात न शिजवता आलेल्या पदार्थाकडे. मोडांचा बाजार कोसळला, तेव्हा आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी तेच मोड कॅमेऱ्यांसमोर खाऊन दाखवले! मोडांत जंतू प्रत्यक्ष सापडला नव्हता. उत्पादकांनी पुढे सरकारला कोर्टात खेचलं आणि नुकसानभरपाई मिळवली.

तरी मोडांवरचा संशय अगदीच निराधार नव्हता. बियाण्याच्या बारीक भेगांत जंतू दडून बसतात, धुऊन निघत नाहीत. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, ती त्यांनाही मानवते. आणि ओ१५७ चे शंभरभर जंतूही मुलाला आजारी पाडायला पुरतात.

आपल्या शालेय पोषण आहारातही मोड आलेली कडधान्यं आहेत. पण मटकीची उसळ रटरटून शिजली की ती भीती उरत नाही. पदार्थाच्या मध्यभागी ७५ अंश सेल्सिअस, निदान एक मिनिट, असा जपानी नियम आहे. मला धास्ती वाटते ती पातेलं उतरवल्यावर वरून पडणाऱ्या कोथिंबिरीची, शेजारी वाढलेल्या कोशिंबिरीची. धुतल्याने जंतू घटतात, संपत नाहीत. त्यात आधी चिरून मग धुतलं, तर ते कापलेल्या कडांतून आत शिरतात. म्हणून जुडी सोडून, मुळं काढून आधी धुवावी, मग चिरावी आणि खिचडी चुलीवर असतानाच घालावी. हिरवा रंग उतरेल, उतरू दे.

वाढण्याआधी शिक्षक चव घेतात, ते चांगलंच. मीठ, करपणं, आंबणं जिभेला कळतं. ओ१५७ ला मात्र चव नाही, वास नाही, आणि लक्षणं दिसतात ती बहुधा तीन-चार दिवसांनी. तोवर पातेलं कधीच घासून पालथं पडलेलं असतं. जपानी शाळा म्हणूनच कच्च्या मालाचा आणि तयार पदार्थाचा नमुना उणे २० अंशांखाली दोन आठवडे जपून ठेवतात. आपल्या खेड्यातल्या शाळेत फ्रीझर कुठला? तिथे सगळी भिस्त स्वयंपाक करणाऱ्या ताईंवर. नळ नसेल तर त्यांनी भाजी बादलीत बुचकळू नये, कारण एका जुडीची घाण सगळ्या जुड्यांना लागते. तांब्याने वरून पाणी ओतत धुवावी.