गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय? नवी 'दोरी' शरीरातून कुठून घ्यायची, हे ऑपरेशनआधीच ठरवा

कबड्डीत पाय जमिनीत रुतला आणि अंग वळलं, किंवा दुचाकी घसरली, की गुडघ्यात 'कट्' असा आवाज येतो. गुडघा सुजतो. काही आठवड्यांत सूज उतरते, पण वळताना गुडघा सटकतो. एमआरआयमध्ये समजतं की 'एसीएल' तुटलंय. हे लिगामेंट म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड आतून बांधून ठेवणारी दोरी.

पूर्ण तुटलेलं एसीएल टाके घालून सहसा नीट जुळत नाही. म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन करून त्याजागी दुसरी दोरी बसवतात. तिला ग्राफ्ट म्हणतात. बहुतेक वेळा ती आपल्याच शरीरातून घेतात.

मांडीच्या मागची (हॅमस्ट्रिंग): छेद लहान, गुडघ्याच्या पुढे दुखणं कमी. पण पाय मागे दुमडण्याची ताकद थोडी घटू शकते. हाडात घट्ट बसायलाही वेळ लागतो.

वाटीखालची (पटेला टेंडन): दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असल्याने लवकर पक्की बसते. तरुण खेळाडूंसाठी बरेच डॉक्टर हीच निवडतात. पण गुडघे टेकताना पुढे दुखू शकतं. फरशी बसवणारे मिस्त्री, पैलवान किंवा नमाज पढणारे यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावं.

वाटीवरची (क्वाड्रिसेप्स): जाड आणि मजबूत. गुडघे टेकताना त्रास कमी, पण मांडीची ताकद परत यायला मेहनत लागते.

घोट्याजवळची (पेरोनियस): आपल्याकडे हीसुद्धा वापरतात. मांडीची ताकद शाबूत राहते, घोट्याची मात्र थोडी कमी होऊ शकते.

मृत दात्याची: आपल्या शरीरावर जादा जखम नाही. पण तरुण खेळाडूंमध्ये ही पुन्हा तुटण्याचा धोका जास्त असतो.

मग सगळ्यात चांगली कोणती? सगळ्यांना एकच चांगली, असं नाही. तुमचं वय, काम, खेळ आणि डॉक्टरांचा हात कशावर बसलाय, यावर ते ठरतं. म्हणून 'माझ्यासाठी हीच का?' आणि 'तुम्ही नेहमी कोणती वापरता?' हे दोन प्रश्न न लाजता विचारा. गुडघा सटकत नसेल आणि काम उड्या-पळापळीचं नसेल, तर फक्त व्यायामावर भागेल का, तेही विचारा.

सगळ्यात मोठी चूक ऑपरेशननंतर होते. दोन-तीन महिन्यांत दुखणं थांबतं आणि गडी मैदानात उतरतो. पण नव्या दोरीत तेव्हा रक्तपुरवठा तयार होत असतो, ती कच्ची असते. फिजिओथेरपी नेमाने करा. किमान नऊ महिने आणि डॉक्टरांनी ताकद तपासल्याशिवाय कबड्डी, कुस्ती नको. दोरी कुठलीही घ्या, घाई केली तर तीही तुटते.