लॉन आणि लीव्हर (लेखांक ९) : वळायचं कुठे?

पात्यांना धार लावायचं या वेळी ठरलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. कारण नॉर्थ कॅरोलिनातून आलेलं एक पत्र. लिहिणाऱ्या वाचक बाईंचं घर नव्या वसाहतीत आहे. मागे पावसाचं पाणी साठवायचं तळं आणि घरापासून थेट तळ्यापर्यंत गवताचा उतार. यंदा त्यांनी झीरो-टर्न घेतलं, म्हणजे दोन लीव्हरवर जागच्या जागी वळणारं, बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र. यजमान म्हणतात, उतारावर आडवं चालवायचं. शेजारी म्हणतो, उभं, वर-खाली. कोणाचं ऐकू, एवढंच त्यांनी विचारलंय. गवत वाढीला लागलंय, शनिवार तोंडावर आहे. उत्तर आजच द्यायला हवं.

मागच्या खेपेला दोन लीव्हरचं गणित झालं, त्याचीच ही उतारावरची बाजू. लीव्हरवाल्या झीरो-टर्नची पुढची चाकं सुपरमार्केटच्या ढकलगाडीच्या चाकांसारखी मोकळी असतात. यंत्र जाईल तिकडे ती फिरतात, स्वतः दिशा धरत नाहीत. वळणं, वेग कमी करणं, थांबणं, सगळा कारभार मागच्या दोन टायरांकडे. पार्किंग ब्रेक आहे, पण तो यंत्र उभं केल्यावर लावायचा. म्हणजे उतारावर मागच्या टायरांची पकड सुटली, की स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही एकाच क्षणी गेले. साध्या लॉन ट्रॅक्टरची पुढची चाकं अशा वेळी निदान दिशा तरी धरून ठेवतात.

यजमानांचं आडवं चालवणं आधी बघू. आडवं जाताना यंत्राचं नाक सतत उताराकडे ओढ घेतं. ते सरळ ठेवायला उताराकडच्या बाजूचा लीव्हर थोडा जास्त पुढे द्यावा लागतो. भारही त्याच टायरवर आलेला असतो, वरच्या बाजूचा टायर हलका झालेला असतो. गवत ओलं असेल आणि तो खालचा टायर घसरला, तर नाक झटकन खाली फिरतं आणि तुम्ही तळ्याकडे तोंड करून असता.

शेजाऱ्याचं उभं चालवणंही निर्धोक नाही. इंजिन मागे असल्यामुळे चढताना पुढची चाकं हलकी होतात. त्यात लीव्हर झटक्यात पुढे ढकलले तर नाक उचललं जातं. उतरताना उलटं, भार पुढे सरकतो आणि ज्या टायरांवर सगळी भिस्त तेच हलके पडतात. मग घसरायला लागलं की माणूस घाबरून लीव्हर मागे खेचतो. चाकं अडतात, पण यंत्र घसरतच राहतं, कारण न फिरणारा टायर दिशा देत नाही. अशा वेळी पाती बंद करायची, वळवायचा मोह टाळायचा आणि चाकं फिरती ठेवून सावकाश, सरळ खाली उतरायचं. हे अर्थात खाली मोकळी सपाट जागा असेल तर. इथे खाली पाणी आहे.

बसून चालवायच्या यंत्रांसाठी ‘वर-खाली चालवा’ आणि मागून ढकलायच्या मोअरसाठी ‘आडवं चालवा’ असा सर्वसाधारण नियम सांगतात. तो उलटसुलट वाटतो, पण त्यामागे कारण आहे. बसायच्या यंत्राला बाजूवर उलटण्याची भीती. ढकलायच्या मोअरला, चढताना ते आपल्याच पायावर घसरत येण्याची किंवा उतरताना आपला पाय त्याच्याखाली जाण्याची. तेव्हा शेजारी पुस्तकी नियमाला धरून बोलतोय. तरी आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते आधी वाचा, ते सगळ्यांच्या वर.

पण आडवं की उभं, याच्याही आधी मी दुसरंच विचारतो : वळणार कुठे? झीरो-टर्नची सगळी करामत वळण्यात आहे आणि उतारावर नेमकं तेच करायचं नसतं. उतारावर सुरू करणं, थांबणं, वळणं, तिन्ही टाळायचं. वरच्या आणि खालच्या टोकाला सपाट पट्टा असेल, तरच उभ्या फेऱ्या जमतात. या बाईंच्या अंगणात वर पट्टा आहे, खाली नाही.

आता उतार किती? बऱ्याच पुस्तिकांत झीरो-टर्नसाठी १५ अंशांची मर्यादा असते, काहींत त्याहून कमी. इथे घोळ होतो तो अंश आणि टक्के यांचा. १५ अंश म्हणजे जवळपास २७ टक्के उतार. १५ टक्के म्हणजे जेमतेम साडेआठ अंश. फोनमधलं मोजणी अ‍ॅप काय दाखवतंय ते नीट बघा. वसाहतीच्या नकाशात तर तिसरीच भाषा असते, तीनास एक, चारास एक. तळ्याचे काठ बहुधा असेच आखलेले असतात.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती सुताराची ४ फुटी लेव्हल. तिचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत दुसरं टोक उचला आणि त्या टोकापासून सरळ खाली जमिनीपर्यंत टेप लावा. १२ इंच भरले तर उतार चारास एक, म्हणजे १४ अंश. १६ भरले तर तीनास एक, म्हणजे १८ अंशांच्या वर. मधल्या १३ इंचांच्या आसपास १५ अंशांची रेघ ओलांडली जाते. चार-पाच ठिकाणी मोजा, कारण काठ खालच्या बाजूला हटकून जास्त खडा होतो. तीनास एक उतारावर गवत कापता येतं, असं आराखडे करणारे सर्रास धरतात. कापता येतं हे खरं, पण १५ अंशांची मर्यादा असलेल्या झीरो-टर्नवर बसून नाही.

हे यंत्र मुळात सपाटीचं अपत्य. जॉन रेजिअर यांनी १९६३ मध्ये ते घडवलं, ते कॅन्ससमधल्या हेस्टनला, गव्हाच्या मैदानी मुलखात. त्यांची गोष्ट दुसऱ्या लेखांकात येऊन गेली आहे. सपाट एकरभर लॉन त्याच्याइतकं देखणं दुसरं कुठलंच यंत्र कापत नाही, म्हणून त्याला तळ्याच्या काठावर उभं केलेलं पाहिलं की माझा जीव वरखाली होतो.

डोक्यामागच्या सुरक्षा दांडीबद्दल दोन ओळी. दांडी उभी असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे. झाडाखाली जायला ती पाडली असेल, तर पट्टा सोडायचा. नाहीतर उलटताना तुम्ही यंत्रालाच बांधलेले राहाल. उतारावर ती पाडलेली नको.

तेव्हा बाई, यंदा असं करा. वरचा पट्टा झीरो-टर्नने कापा आणि उतार सुरू होतो तिथून अलीकडे यंत्राच्या दोन रुंद्या सोडून वळा. मोजून उतार सौम्य निघाला तर मधला भाग ढकलायच्या मोअरने, आडवा, दव वाळल्यावर. आणि पाण्यालगतचे काही फूट कापूच नका. एचओए, म्हणजे वसाहतीची घरमालक संघटना, परवानगी देत असेल, तर तिथे उंच वाढणारं स्थानिक गवत राहू द्या. त्याची मुळं काठ धरून ठेवतात, खताचं पाणी तळ्यात कमी उतरतं आणि कॅनडा गीझ पक्ष्यांनाही असा उंच गवताचा काठ आवडत नाही. पलीकडचं दिसत नसेल तिथून चालत वर यायला ते बिचकतात. तुमच्याकडे त्यांचा उपद्रव असेलच, कारण आखूड कापलेला उतार आणि शेजारी पाणी म्हणजे त्यांचं चराऊ कुरण.

यजमानांना आणि शेजाऱ्यांना दोघांनाही लेव्हल घेऊन उतारावर न्या आणि किती इंच भरले ते मला कळवा. पात्यांचं पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर आपल्या डेकला पाती किती आणि ती काढायला पाना कोणत्या मापाचा लागतो, ते पुस्तिकेत बघून ठेवा.