सवलतीची गिफ्ट कार्डे, रिवॉर्ड पॉइंट आणि सहलीची शिल्लक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुटुंबाच्या सहलीसाठी वर्षभर पैसे साठवताना सवलतीत मिळणारी गिफ्ट कार्डे आणि क्रेडिट कार्डावर जमा होणारे रिवॉर्ड पॉइंट यांचा आधार घेणारी अनेक घरे आज दिसतात, आणि या पद्धतीविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. हा सगळाच फसवणुकीचा प्रकार आहे असे काहींना वाटते, तर नेटाने पॉइंट जमवले की सहल फुकटात होते असा काहींचा ठाम विश्वास असतो. ही दोन्ही मते चुकीची ठरतात, कारण या व्यवहाराच्या मुळाशी असलेली एक साधी गोष्ट दोन्ही बाजू विसरतात: ग्राहक पैसे आधी देतो आणि वस्तू किंवा सेवा नंतर घेतो, म्हणजेच मधल्या काळात तो कंपनीचा धनको झालेला असतो. सवलत किती, धोका कोणता आणि शिल्लक खरी की कागदावरची, हे सगळे प्रश्न या एका नात्यातून सुटत जातात.

दहा हजारांचे कार्ड नऊ हजार चारशेला मिळत असेल तर त्यात नक्कीच काहीतरी खोट असणार, हा सर्वांत जुना संशय आहे. वस्तुतः अशा सवलतीमागे कंपनीचा सरळ हिशोब असतो. ग्राहकाचे पैसे तिच्या हाती कित्येक आठवडे किंवा महिने आधी पडतात, त्यामुळे तेवढे खेळते भांडवल तिला कर्जाऊ घ्यावे लागत नाही. ग्राहकाची खरेदी आपल्याकडेच होणार हे पक्के झाल्याने जाहिरातीवरचा खर्च वाचतो. कार्डातील रकमेपेक्षा थोडी जास्त खरेदी करून वरचे पैसे रोखीने भरणारे ग्राहक बरेच असतात. आणि काही कार्डे किंवा त्यांतील किरकोळ शिल्लक कधीच वापरली जात नाही, जिला व्यवसायाच्या भाषेत ‘ब्रेकेज’ म्हणतात. त्यात भर म्हणजे दिवाळीत कर्मचाऱ्यांना वाटण्यासाठी किंवा बँकांच्या रिवॉर्ड दालनात ठेवण्यासाठी ही कार्डे घाऊक भावाने विकली जातात आणि त्या घाऊक सवलतीचा काही भाग किरकोळ ग्राहकापर्यंत झिरपतो. संशय अस्थानी नसतो तो वेगळ्याच ठिकाणी, म्हणजे अनोळखी व्यक्ती आपले ‘नको असलेले’ कार्ड निम्म्या किमतीत देऊ करते तेव्हा. कारण कार्डाचा क्रमांक आणि गुप्त संकेतांक ज्याला ठाऊक आहे तो पैसे घेतल्यानंतरही ते कार्ड स्वतः वापरून टाकू शकतो. खुद्द कंपनी, बँकेचे अधिकृत दालन किंवा नोकरीच्या ठिकाणची सवलत-योजना यांच्याबाहेर अशी कार्डे घेऊ नयेत, एवढी मर्यादा पाळली तरी या संशयाचे बहुतांश कारण उरत नाही.

याहून अधिक नुकसान करणारा गैरसमज म्हणजे गिफ्ट कार्ड ही रोकडच आहे असे मानणे. भारतीय रिझर्व्ह बँकेने २७ ऑगस्ट २०२१ रोजी आगाऊ भरणा केलेल्या साधनांविषयी, म्हणजे ज्यांत आधी पैसे भरून नंतर खर्च करता येतो अशा कार्डांविषयी आणि वॉलेटांविषयी, एकत्रित निर्देश काढले. त्यांनुसार अनेक दुकानांत चालणाऱ्या गिफ्ट कार्डाची कमाल रक्कम १०,००० रुपये असते, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्यातून रोख रक्कम काढता येत नाही. त्याची मुदत किमान एक वर्षाची असावी लागते. आणि बँकेतर कंपनीने असे कार्ड काढले असेल तर ग्राहकांकडून गोळा झालेला पैसा तिला बँकेतील एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कारणाखेरीज हात लावता न येणाऱ्या खात्यात, ठेवावा लागतो. मुदत संपल्यानंतरही ग्राहकाने मागणी केल्यास उरलेली रक्कम त्याच्या बँक खात्यात द्यावी, अशी तरतूद या निर्देशांत आहे आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. मात्र हे संरक्षण सर्व कार्डांना लागू नाही. एखादे हॉटेल, विमान कंपनी किंवा दुकान केवळ स्वतःच्याच वस्तू आणि सेवांसाठी जे व्हाउचर काढते त्याला बंद प्रणालीचे साधन म्हणतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, त्यामुळे त्याची मुदत, ते किती वेळा वापरता येईल, सुट्टीच्या हंगामात चालेल की नाही, हे सारे कंपनीच्या अटींवर अवलंबून राहते. सहलीसाठी घेतलेली बरीच व्हाउचरे नेमकी याच प्रकारात मोडतात.

कंपनी अडचणीत आली तर काय होते, याचा अनुभव भारतीय प्रवाशांनी घेतलेला आहे. गो फर्स्ट या विमान कंपनीने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लगेच तिची उड्डाणे थांबली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्या विसर्जनाचा आदेश दिला. अशा प्रक्रियेत तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँका आणि कामगार यांचे देणे आधी भागवले जाते, तर आगाऊ पैसे भरलेला ग्राहक विनातारण धनको म्हणून रांगेत बराच मागे उभा असतो. म्हणून सहलीचा संपूर्ण खर्च एकाच कंपनीच्या व्हाउचरांत अडकवून ठेवणे, सवलत कितीही आकर्षक असली तरी, शहाणपणाचे नाही.

सवलतीचा टक्का म्हणजेच कमाई, हा समजही असाच घाईचा आहे. नऊ हजार चारशे रुपयांत दहा हजारांचे मूल्य मिळाले तर ९,४०० रुपयांवर ६०० रुपये, म्हणजे सुमारे ६.४ टक्के वाचले हे खरे. पण ते कार्ड पुढच्याच आठवड्यात वापरले तर हा लाभ उत्तम ठरतो आणि वर्षभर कपाटात पडून राहिले तर तो साध्या ठेवीच्या व्याजाच्या आसपासच येतो, शिवाय मुदत संपण्याचा आणि कंपनी बुडण्याचा धोका वर असतो. अडकलेल्या पैशाला काळाची किंमत असते हे न्यायालयानेही मान्य केलेले आहे. २०२० च्या टाळेबंदीत रद्द झालेल्या विमान-तिकिटांचे पैसे आर्थिक अडचणीमुळे तत्काळ परत न करू शकणाऱ्या कंपन्यांना सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने ती रक्कम ‘क्रेडिट शेल’मध्ये, म्हणजे पुढील प्रवासासाठी राखीव जमेत, ३१ मार्च २०२१ पर्यंत ठेवण्याची मुभा दिली, परंतु तिकीट रद्द झाल्यापासून ३० जून २०२० पर्यंत दरमहा ०.५ टक्के आणि त्यानंतर दरमहा ०.७५ टक्के या दराने तिचे मूल्य वाढत जाईल असेही बंधन घातले. बाजारातील व्हाउचर असे काहीच वाढत नाही. त्यामुळे तारीख ठरलेली, जागा ठरलेली आणि खर्च अटळ असेल तेव्हाच व्हाउचर घ्यावे. महिन्याभरात वापरायची ४ टक्क्यांची सवलत वर्षभर सांभाळायच्या ६ टक्क्यांपेक्षा नेहमीच सरस ठरते. आरक्षण रद्द झाल्यास परतावा बँक खात्यात येत नाही, तो बहुधा पुन्हा व्हाउचरच्या किंवा वॉलेटच्या रूपाने मिळतो, हेही आधीच गृहीत धरलेले बरे.

हॉटेलच्या करासंबंधी एक छोटा पण महागात पडणारा गैरसमज आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून अधिक भाड्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. आठ हजारांच्या खोलीचे दोन हजार रुपये व्हाउचरने भरले म्हणजे भाडे सहा हजारच धरले जाईल असे काहींना वाटते. पण व्हाउचर हे पैसे देण्याचे साधन असल्याने कर आठ हजारांवरच, म्हणजे १,४४० रुपये, आकारला जातो. याउलट हॉटेलने स्वतःच बिलात भाडे ७,४०० रुपयांवर आणले तर कर ३७० रुपये होतो. अशा ठिकाणी व्हाउचरपेक्षा हॉटेलशी थेट बोलून कमी केलेले भाडे अधिक लाभदायक असते.

रिवॉर्ड पॉइंट फुकट मिळतात, या समजाचा विचार थोडा सविस्तर करायला हवा. कार्डाने पैसे घेणारा दुकानदार प्रत्येक व्यवहारावर बँकेला काही टक्के शुल्क देतो, ज्याला ‘मर्चंट डिस्काउंट रेट’ म्हणतात. पॉइंटचा खर्च मुख्यतः या शुल्कातून, वार्षिक फीमधून आणि थकबाकीदारांच्या व्याजातून निघतो. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवरचे हे शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्य केलेले असल्याने तेथे कार्डासारखे पॉइंट सहसा मिळत नाहीत, त्यामागचे कारण हेच. समजा, एखाद्या कार्डावर दर १०० रुपयांना ४ पॉइंट मिळतात आणि प्रत्येक पॉइंटचे मूल्य २५ पैसे आहे. आकडा मोठा दिसला तरी परतावा अवघा १ टक्का झाला. साठ हजारांच्या खर्चावर ६०० रुपयांचे पॉइंट मिळाले, पण बिल पूर्ण न भरता ती रक्कम दरमहा ३.५ टक्के व्याजाने एक महिना थकली, तर २,१०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्क्यांनी ३७८ रुपये कर, असे २,४७८ रुपये द्यावे लागतात. बिलावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरली की व्याज लागत नाही, ही समजूत तर सर्वस्वी खोटी आहे. त्याने केवळ विलंबशुल्क टळते, व्याजमुक्त कालावधीचा लाभ मात्र जातो. जे कुटुंब दरमहा संपूर्ण बिल भरू शकत नाही त्याने पॉइंटांच्या मागे लागूच नये, हे येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

थकबाकी नसली तरी दुसरा खर्च लपलेला असतो. द्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे आहेत असे सांगितलेल्या विद्यार्थ्यांनी बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी रोखीने देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट बोली लावली. प्रत्येक खरेदीत इतका फरक पडतो असे नव्हे, परंतु एक टक्क्याचे पॉइंट मिळवताना खर्च दोन टक्क्यांनी वाढला तरी शिल्लक उणेच राहते, आणि वार्षिक फी माफ व्हावी म्हणून ठरावीक खर्चाचा टप्पा गाठण्याची धडपड हीच वाढ घडवून आणते.

पॉइंटांचे मूल्य कायम टिकते असेही नाही. ते कधी, कशासाठी आणि किती दराने वापरता येतील हे देणारी संस्था बदलू शकते, अनेक बँका पॉइंट वापरण्यासाठी वेगळे शुल्क लावतात, आणि गिफ्ट कार्डे किंवा वॉलेट भरण्यावर पॉइंट देणे बऱ्याच कार्डांनी बंद किंवा मर्यादित केलेले आहे. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, तरी तिचे पॉइंट वेगळ्या कंपनीकडे असल्याने ते ‘इंटरमाइल्स’ या नावाने वाचले. विस्तारा कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली तेव्हा तिच्या सदस्यांचे पॉइंट नव्या मालकाच्या योजनेत गेले. दोन्ही वेळा पॉइंट नष्ट झाले नाहीत, पण ज्या कंपनीच्या प्रवासासाठी ते जमवले ती उरली नाही. शिवाय पॉइंटांवर काढलेल्या विमान-तिकिटावरही कर आणि विमानतळ शुल्क बहुधा पैशांतच भरावे लागते. साठा करण्याऐवजी वर्षातून एकदा पॉइंट मोकळे करणे हेच त्यामुळे इष्ट ठरते.

‘तुमचे पॉइंट आज रात्री संपणार आहेत’ असा संदेश पाठवून दुवा उघडायला किंवा एखादे अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगणारे भामटे याच घाईवर जगतात; भारत सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानेही अशा संदेशांविषयी इशारा दिलेला आहे. पॉइंटची शिल्लक नेहमी बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये पाहावी, फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे, आणि कंपनीने व्हाउचर नाकारल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन उपलब्ध आहे.

एवढ्या मर्यादा लक्षात घेतल्यावर प्रत्यक्षात किती उरते याचा अंदाज बांधता येतो. वाणसामान, कपडे आणि औषधे यांवरील महिन्याच्या १५,००० रुपयांच्या खर्चात व्हाउचरांमुळे सरासरी ३ टक्के सुटले तर ४५० रुपये, आणि कार्डावरील दुसऱ्या १५,००० रुपयांच्या पात्र खर्चावर १ टक्क्याने १५० रुपयांचे पॉइंट, म्हणजे वर्षाचे ७,२०० रुपये होतात. एवढ्यात सहल होत नाही, पण मुंबईहून कोकणात चार-पाच दिवस जाऊन येणाऱ्या चौघांच्या रेल्वे प्रवासाचा मोठा भाग त्यात भागू शकतो, आणि मध्यमवर्गीय घराच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. तिथला मुक्काम आणि जेवण यांचा खर्च मात्र वेगळाच राहतो. गणपतीपुळे, गुहागर किंवा तारकर्ली येथील घरगुती निवासाचे मालक रोख किंवा यूपीआयने पैसे घेतात, त्यांच्याकडे मोठ्या कंपन्यांची व्हाउचरे चालत नाहीत. म्हणून वाचलेले पैसे वेगळे काढून ठेवायला हवेत. दरमहा व्हाउचरांमुळे वाचलेले ४५० रुपये खात्यातच राहू दिले तर ते इतर खर्चात विरून जातात. ते त्याच दिवशी सहलीच्या नावाने उघडलेल्या आवर्ती ठेवीत वळवले तरच त्यांना शिल्लक म्हणता येते. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या केवळ ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे मे महिन्यातील सहलीची तिकिटे मार्चमध्येच काढावी लागतात, आणि त्यासाठी बारा महिन्यांची ही ठेव आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू केलेली असावी लागते.