# दिसलं म्हणजे फाइल बिघडली का?

जालन्यात वहीखात्याच्या जोडीला एक्सेल आलं, त्याला बरीच वर्षं झाली. मस्तगडच्या दुकानात असो की मोंढ्यातल्या अडतीवर, सोयाबीनच्या आवकीचा हिशोब चालू असतो आणि अचानक एखाद्या चौकटीत # उगवतं. मग 'फाइल बिघडली', 'व्हायरस शिरला' म्हणत माणसं सगळा तक्ता पुन्हा टाइप करायला बसतात. ती मेहनत पाहून वाईट वाटतं, कारण अडलंय कुठे हे त्या खुणेतच लिहिलेलं असतं.

नुसतं ##### दिसलं तर बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं. आकडा मोठा, रकाना अरुंद, एवढंच. रकाना रुंद करा.

#डिव्ह/0! आलं की सूत्रच चुकलं, असं अनेकांना वाटतं. एकूण रकमेला क्विंटलने भागून सरासरी भाव काढायचा आणि त्या दिवशी आवकच नसली, तर रिकामी चौकट शून्य धरली जाते. शून्याने भागायचं कसं? वजन भरलं की तेच सूत्र उत्तर देतं.

#व्हॅल्यू! जास्त लक्ष देऊन पाहावं. कुणीतरी वजनाच्या चौकटीत '12 क्विंटल' असं लिहिलेलं असतं. एक्सेलच्या लेखी तो आकडा नाही, मजकूर आहे. भावाने गुणलं की खूण उमटते. पण त्याच रकान्याची 'सम'ने बेरीज घेतली तर खूण येत नाही. ते 12 निमूट गळतात आणि बेरीज कमी भरते. म्हणून एकक फक्त रकान्याच्या डोक्यावर लिहावं.

#रेफ! म्हणजे सूत्राला लागणारी ओळ किंवा रकाना कुणी काढून टाकला. लगेच कंट्रोल-झेड दाबा. #नेम? बहुधा सूत्रातलं स्पेलिंग चुकल्याने येतं.

सर्वांत जास्त वाद #एन/ए वरून होतो. 'नाव यादीत डोळ्यांना दिसतंय, तरी व्हीलूकअपला सापडत कसं नाही?' नावाच्या शेवटी एक स्पेस राहिलेली असते, किंवा एका ठिकाणी काशिनाथ आणि दुसरीकडे काशीनाथ असतं. आपल्याकडे आणखी एक कारण असतं: जुनी यादी कृतीदेवमध्ये, नवी युनिकोडमध्ये. कृतीदेवची अक्षरं डोळ्यांना देवनागरी दिसली तरी आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. जुनी यादी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याला खाते क्रमांक द्यावा आणि त्यावरून शोधावं.

'इफएररने खुणेच्या जागी शून्य घातलं की प्रश्न मिटला' हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. तीन दिवसांचे भाव 4600, 4800, 4700 आणि चौथ्या दिवशी आवक नाही. खरी सरासरी 4700. चौथ्या जागी शून्य घातलं की ती 3525 होते. घालायचंच तर रिकामी अवतरणचिन्हं घाला. 'अॅव्हरेज' ती चौकट मोजत नाही.

आणि # कुठेच नाही म्हणून हिशोब बरोबर, असंही नसतं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या सरकारी कर्जावरच्या 2010 च्या गाजलेल्या निबंधात सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. खूण उमटली नाही, कारण सूत्र नियमाला धरूनच होतं. 2013 मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता तपासला तेव्हा ते उघड झालं. तुमच्या बेरजेच्या चौकटीवर जाऊन एफ2 दाबा. सूत्राने धरलेल्या चौकटींभोवती रंगीत कड दिसेल. काल भरलेल्या ओळी तिच्या आत आहेत का, ते पाहा.