हातपाय धड आहेत तोवर मृत्युपत्र करावे



आमच्या ओळखीचे एक वृद्ध शेतकरी काही वर्षांपूर्वी वारले. त्यांना मूलबाळ नव्हते. पत्नी कॅन्सरने आधीच गेली होती. तिचे शेवटचे दिवस सिस्टरांनी चालवलेल्या एका सेवागृहात गेले. तिथे तिचे दुखणे बरे झाले नाही, पण कळा थांबल्या, रात्रीची झोप लागू लागली, आणि घरच्यांकडून एक पैसाही कोणी मागितला नाही. तेव्हापासून ते भेटेल त्याला सांगत, "माझ्यामागे वरच्या तुकड्यातल्या उसाचे पैसे त्या घराला द्यायचे."

सांगितले पुष्कळांना, लिहिले मात्र कुठेच नाही. ते गेल्यावर भावंडे आणि मयत भावाची मुले कायद्याने वारस झाली. कोणी वाईट वागले असे आम्ही म्हणणार नाही. एक पुतण्या म्हणाला, "काका बोलले होते खरे." पण बाकीच्यांनी ते ऐकले नव्हते. सेवागृहाला काही मिळाले नाही. आपल्यासारख्यांच्या तोंडी शब्दाला कायदा मृत्युपत्र मानत नाही. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

हे सेवागृह म्हणजे काय?

इंग्रजीत त्याला हॉस्पिस म्हणतात. रोग बरा होण्याची आशा संपली, डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हटले, की रोग्याचे खरे हाल सुरू होतात. अशा वेळी कळा थांबवणे, जखमा धुणे, अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलणे, घरच्यांना धीर देणे ही कामे तिथे होतात. डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले, तेव्हापासून या सेवेला आजचे रूप आले. आपल्या देशातले पहिले हॉस्पिस म्हणजे मुंबईत वांद्र्याला १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी काढलेले शांती अवेदना सदन. गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा आहे. रोग्यांकडून तिथे पैसे घेत नाहीत. मग खर्च चालतो कशावर? आपल्यासारख्यांच्या देणग्यांवर.

मृत्युपत्र नसेल तर काय होते?

आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर बायकोला (किंवा नवऱ्याला) एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश मिळते. मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखा. मुले असली की म्हाताऱ्या आईवडिलांना कायद्याने काहीच मिळत नाही, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि सेवाकार्याला तर कायदा आपणहून कधीच काही देत नाही.

बँकेत नॉमिनी लावला म्हणजे काम झाले, असेही समजू नये. नॉमिनी पैसे उचलू शकतो, पण त्याने ते खऱ्या वारसांना द्यायचे असतात.

मृत्युपत्र कसे करावे?

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि शुद्धीवर असलेल्या कोणालाही ते करता येते. साध्या कागदावर चालते, स्टँपपेपर लागत नाही. भाषा आपली मराठी असली तरी चालते. सही येत नसेल तर अंगठा चालतो. मात्र पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१. दोन साक्षीदार हवेत. आपण त्यांच्यादेखत सही करावी आणि त्यांनी आपल्यादेखत. मजकूर त्यांना वाचून दाखवण्याची गरज नाही.

२. ज्याला काही द्यायचे आहे त्याची, किंवा त्याच्या बायकोची वा नवऱ्याची, साक्ष घेऊ नये. घेतली तर त्याला दिलेले तेवढे रद्द होते.

३. जे आपले आहे तेच देता येते. उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव असेल, किंवा जमीन भावांत सामाईक असेल, तर आधी वारसनोंद आणि वाटणी करून घ्यावी.

४. अंमलबजावणीसाठी एक विश्वासू माणूस नेमावा आणि कागद कुठे ठेवला आहे ते त्याला सांगावे.

५. मृत्युपत्रानंतर लग्न केले, तर आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. विधुराच्या पुनर्विवाहालाही हेच लागू. नवे करावे.

नोंदणी सक्तीची नाही, पण सबरजिस्ट्रारच्या कचेरीत केलेली बरी. वय झाले असेल तर त्याच सुमारास डॉक्टरांचा दाखला घेऊन ठेवावा, म्हणजे "म्हाताऱ्याला भान नव्हते" असे पुढे कोणी म्हणू शकत नाही. मृत्युपत्र केले म्हणून जमीन हातची जात नाही. आपण जिवंत आहोत तोवर मालक आपणच, आणि ते केव्हाही बदलता येते.

देणगी कशी लिहावी?

"ख्रिस्ती माणसाला धर्मादाय काही ठेवता येत नाही" असे जुनी माणसे अजून सांगतात. ते अगदीच खोटे नव्हते. कायद्याच्या कलम ११८ प्रमाणे पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचे नातलग असलेल्याने अशी देणगी मृत्यूच्या निदान १२ महिने आधी लिहून, तो कागद ६ महिन्यांच्या आत सरकारी कचेरीत ठेवावा लागे. केरळातील फादर जॉन वल्लामट्टम यांनी याविरुद्ध दाद मागितली, आणि २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले. आता ती अडचण नाही.

जमीन देण्याऐवजी पैसे द्यावेत असा आमचा सल्ला आहे. शेतजमीन शेतकरी नसलेल्याकडे जाण्यावर काही राज्यांत बंधने आहेत. गुजरातेतील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निकाल दिला, की तिथे अशी जमीन मृत्युपत्रानेही देता येत नाही.

ठरावीक आकड्यापेक्षा हिस्सा लिहिलेला बरा. पीक बुडालेल्या साली मोठा आकडा घरच्यांच्या अंगावर येतो. हिस्सा मात्र जे असेल त्यातूनच जातो. मजकूर असा ठेवता येईल: "माझे कर्ज, आजारपणाचा आणि दफनाचा खर्च भागवून माझ्या नावावर जी रोख रक्कम उरेल, तिचा दहावा हिस्सा अमुक गावच्या अमुक संस्थेला रोग्यांच्या सेवेसाठी द्यावा." संस्थेचे नोंदलेले पूर्ण नाव विचारून घ्यावे. नुसते "सिस्टरांच्या दवाखान्याला" असे लिहू नये.

गोव्यातील वाचकांनी लक्षात ठेवावे, की तिथला वारसा कायदा वेगळा आहे. मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी अर्धा वाटा राखीव असतो. उरलेल्या अर्ध्यातूनच देणगी देता येते. तिथे नोटरीच्या कचेरीत आधी विचारावे.

आधी घर, मग देणगी

कोणी घरच्यांच्या तोंडचा घास काढून दान करावे, असे आम्ही सांगत नाही. आधी बायको, म्हातारी आई, अपंग किंवा अविवाहित मूल यांची सोय लावावी. मग जे उरेल त्यातले थोडे. शक्य असेल तर मुलांना समोर बसवून का देतो ते सांगावे. आपण गेल्यावर अचानक कळलेली गोष्ट भांडणाला कारण होते. तीच आपल्या तोंडून ऐकलेली असली, तर मुले ती जपतात.

त्या वृद्ध शेतकऱ्याला यातले काहीच अवघड नव्हते. एक कागद, दोन शेजारी आणि एक दुपार, एवढेच लागले असते. पेरणीची घाई नसेल अशी एखादी दुपार आपण काढावी.