ध्वनिप्रदान, संगणकातील
संगणकात अंकीय रूपात साठविलेल्या किंवा बाहेरून आलेल्या ध्वनिसंदेशाचे ऐकू येणाऱ्या ध्वनीत रूपांतर करून तो जोडलेल्या साधनांपैकी एखाद्याकडे पाठविण्याच्या क्रियेस ध्वनिप्रदान म्हणतात. डेस्कटॉप संगणकाला ध्वनिक्षेपक, हेडफोन, मॉनिटर, यूएसबी हेडसेट, बिनतारी ब्लूटूथ साधन इ. एकाच वेळी जोडता येतात. त्यामुळे ध्वनी कोणत्या साधनाकडे जावा, हे ठरविण्याचा प्रश्न उद्‌भवतो. संगणक ‘मुका’ झाल्याच्या पुष्कळशा तक्रारींत ध्वनी बंद पडलेला नसून तो भलत्याच साधनाकडे वळलेला असतो.

पूर्वपीठिका : आयबीएम कंपनीच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकात एकच लहान ध्वनिक्षेपक असल्याने निवडीचा प्रश्न नव्हता. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर’ हे ध्वनिकार्ड बाजारात आले. पुढे ध्वनीचे विद्युत् मंडल मदरबोर्डवरच बसविण्यात येऊ लागले. एचडीएमआय जोडणीचे पहिले विनिर्देश २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. या जोडणीत चित्र व ध्वनी एकाच केबलमधून जात असल्याने मॉनिटरचीही ध्वनिसाधनांत गणना होऊ लागली.

कार्यपद्धती : एखादा कार्यक्रम (उदा., ब्राउझर) ध्वनीचे नमुने तयार करतो. सर्वसाधारणपणे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने असतात. संगणकाची कार्यप्रणाली निरनिराळ्या कार्यक्रमांचे नमुने एकत्र मिसळते व ते निवडलेल्या साधनाच्या चालक-प्रणालीकडे (ड्रायव्हरकडे) देते. ही निवड रेल्वेच्या सांध्यासारखी असते. पनवेल जंक्शनवरून दिवा, कर्जत व रोहा या दिशांना लोहमार्ग फुटतात आणि गाडी कोणत्या मार्गाने जाईल, हे सांध्यांच्या स्थितीवर ठरते. सांधा चुकीचा लागला, तर गाडी नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या मार्गाला लागते. संगणकात मात्र हा सांधा वापरणाऱ्याच्या नकळतही बदलतो.

बदलाची कारणे : (१) नवे साधन जोडताच कार्यप्रणाली पुष्कळदा त्यालाच मुख्य साधन मानते. (२) मॉनिटर निद्रिस्त झाला की, त्याची ध्वनिजोडणी काही संगणकांत तुटल्यासारखी भासते व ध्वनी अन्यत्र वळतो. मॉनिटर जागा झाल्यावर तो परत येतोच असे नाही. (३) काही कार्यक्रम सुरू होताना असलेले साधन धरून ठेवतात. अशा वेळी मुख्य साधन बदलूनही उपयोग होत नाही व कार्यक्रम बंद करून पुन्हा उघडावा लागतो. (४) विंडोज प्रणालीत सर्वसाधारण ध्वनी व संभाषण यांसाठी वेगवेगळी साधने नेमता येतात. तसेच २०१८ पासून प्रत्येक कार्यक्रमासाठी स्वतंत्र साधन निवडण्याची सोय आहे. जुनी निवड विस्मरणात गेली की, एकाच कार्यक्रमाचा आवाज येईनासा होतो. (५) ब्लूटूथ हेडसेटचा मायक्रोफोन वापरात येताच जोडणी संभाषणाच्या पद्धतीत जाते व आवाज अस्पष्ट, एकसुरी होतो. हा बिघाड नसून पद्धतीतील बदल होय.

निदान : प्रथम ध्वनिविषयक मांडणीतील पातळीदर्शक पट्टी पाहावी. ध्वनी चालू असताना पट्टी हलत असेल, तर कार्यक्रम व प्रणाली यांचे काम ठीक चालले असून दोष साधनाच्या निवडीत किंवा त्याच्या पलीकडे, म्हणजे केबल, खोबण, साधनावरील आवाजाचे बटन अथवा वीजपुरवठा यांत असतो. पट्टी स्थिर असेल, तर कार्यक्रमाचा आवाज बंद आहे किंवा तो दुसऱ्या साधनाकडे जात आहे, असे समजावे. ३·५ मिमी. जोडणीची दांडी हिरव्या खोबणीत पूर्ण बसली आहे ना, हेही पाहावे. गुलाबी खोबण मायक्रोफोनसाठी असते. लिनक्स प्रणालीत पल्सऑडिओ किंवा तिच्या जागी आलेली पाइपवायर ही ध्वनियंत्रणा असते. तीतही प्रत्येक कार्यक्रमाचा प्रवाह स्वतंत्रपणे वळविता येतो. नको असलेली साधने मांडणीतून निष्क्रिय करणे हा कायमचा उपाय होय. चालक-प्रणाली पुन्हा बसविण्याचा उपाय सर्वांत शेवटी योजावा.

दृष्टिहीनांच्या दृष्टीने महत्त्व : डोळस व्यक्तीच्या बाबतीत ध्वनी चुकीच्या साधनाकडे जाणे ही केवळ गैरसोय असते. पडदा वाचून दाखविणाऱ्या कार्यक्रमावर अवलंबून असलेल्या दृष्टिहीन व्यक्तीला मात्र संपूर्ण संगणकच दिसेनासा होतो; कारण चूक दुरुस्त करण्यासाठी लागणारी मांडणीही तिला आवाजाद्वारेच वाचावी लागते. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेला एनव्हीडीए हा विनामूल्य कार्यक्रम ईस्पीक एनजी या वाक्‌संश्लेषकाच्या साहाय्याने मराठी मजकूरही वाचतो. त्यात वाचेसाठी स्वतंत्र ध्वनिसाधन निवडता येते. अशा संगणकाला एक तारेचा ध्वनिक्षेपक किंवा हेडफोन कायम जोडलेला ठेवणे व वाचेसाठी त्याचीच निवड करणे हितावह असते. वाचा अचानक थांबल्यास नव्याने जोडलेली साधने एकेक करून काढावीत. तसे केल्याने प्रणाली बहुधा उरलेल्या साधनाकडे वळते व पडद्याकडे न पाहता वाचा परत मिळविता येते. सामाईक संगणक वापरणाऱ्या डोळस व्यक्तींनीही आपले काम संपल्यावर ध्वनीची मूळ निवड पूर्ववत करणे अगत्याचे आहे.